प्रायव्हसीचा हक्क घटनेत नेमका कुठे लिहिलाय?

शेवभाजी_धुळे:
एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, भाग तीन दोनदा वाचून काढला पण खासगीपणा हा शब्दच सापडला नाही. रूम पार्टनर म्हणतो मूलभूत हक्क आहे, मी म्हटलं कलम दाखव, तर गप्प बसला. मग आला कुठून हा हक्क?

तापीकाठ:
शब्द नाहीच भाऊ, शोधत बसू नको. कलम 21 मधल्या 'जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य' यातून सुप्रीम कोर्टाने काढलाय, आणि तोही रडतखडत. 1954 ला एम. पी. शर्मा केसमध्ये, झडतीचं प्रकरण होतं, आठ जजनी सांगून टाकलं की अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीसारखं (विनाकारण झडतीपासून संरक्षण) आपल्याकडे काही नाही. मग 1962 चा खरक सिंग. यूपीतला माणूस, दरोड्याच्या केसमधून पुरावा नाही म्हणून सुटलेला, तरी पोलीस रात्री-बेरात्री दार वाजवून उठवायचे, हाय का घरात म्हणून बघायला. कोर्टाने ते दार वाजवणं बंद केलं पण बाकीची पाळत चालू ठेवली, कारण प्रायव्हसी घटनेत नाही म्हणे! बेंचवरच्या न्यायमूर्ती सुब्बा रावांनी तेव्हाच वेगळा निकाल लिहिला होता की हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यांचं खरं ठरायला 55 वर्षं लागली बघ.

भरीत_पुरी:
बरोबर, 24 ऑगस्ट 2017, पुट्टस्वामी केस. नऊ जज आणि नऊच्या नऊ एकमत, प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच. नऊ कशाला, तर आठ जजचा जुना निकाल मोडायला त्याहून मोठं बेंच लागतं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी 1976 चा एडीएम जबलपूर (आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही म्हणणारा निकाल) चुकीचा ठरवला, ज्यात त्यांचे वडीलच बहुमतात होते. आणि हे सगळं पेटलं आधारवरून, जे देशात सगळ्यात आधी वाटलं आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 ला.

शहादेकर:
टेंभली तर मना मामानं गाव शे!

शेवभाजी_धुळे:
भारी. म्हणजे आता सिम घेताना आधार नाही म्हणता येतं?

तापीकाठ:
2018 च्या आधारवरच्या निकालात सुप्रीम कोर्टाने आधार कायद्याच्या कलम 57 मधला खासगी कंपन्यांचा भाग उडवला, त्यामुळे सक्ती नाही, दुसरं ओळखपत्र चालतं. पण झेरॉक्स देण्याची सवय कोण मोडणार? परवा स्टँडजवळ भजी घेतली, कागद उलगडला तर आत कुणाचं तरी आधार, फोटोसकट, तेलाने पार पारदर्शक झालेलं.