शब्दचर्चा : डीबगर 'सिंक' करायचा म्हणजे काय करायचं?

पुस्तिकाकार :
सोलापुरातल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी मायक्रोकंट्रोलरची (एका चिपवरच्या छोट्या संगणकाची) प्रात्यक्षिक-पुस्तिका मराठीत होतेय. ओपनओसीडीतून (डीबगर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅममधून) बोर्ड रीसेट केल्यावर डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून त्यातल्या चुका शोधायचं साधन, पुन्हा 'सिंक' करायचा, या पायरीवर गाडी अडलीय. मसुद्यात 'समक्रमित करा' होतं, तपासणाऱ्यांनी खोडून 'ताळमेळ साधा' केलं. कोणतं ठेवू?

शून्यपत्ता :
समक्रमित नकोच. 'मॉनिटर रीसेट हॉल्ट' दिलं की 'मॉनिटर'पुढचा मजकूर जीडीबी, म्हणजे आपला डीबगर, जसाच्या तसा ओपनओसीडीला देतो. त्यानं चिपवर काय होतं ते जीडीबीला कळत नाही. चिप रीसेट होऊन थांबलेली, आणि जीडीबी साठवलेला जुना पीसी (प्रोग्रॅम कुठवर आलाय तो पत्ता) दाखवत बसतो. कुणी जीडीबीला वगळून ४४४४ पोर्टवर टेलनेटनं थेट ओपनओसीडीशी बोलून तिकडून रीसेट केलं तरी तेच. म्हणून आधी 'मॉनिटर जीडीबी_सिंक', मग लगेच 'स्टेपआय' (एरवी एक इन्स्ट्रक्शन चालवायचा आदेश). हा स्टेपआय चिपवर काहीच चालवत नाही, ओपनओसीडी फक्त सध्याची स्थिती कळवतो आणि जीडीबी रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) नव्यानं वाचतो. मुलं तो गाळतात, नाहीतर दोनदा मारतात. गाळला तर जुनंच चित्र; दुसऱ्यांदा मारला तर प्रोग्रॅम खरोखर एक इन्स्ट्रक्शन पुढे सरकतो. शब्द कुठलाही घ्या, हे मात्र लिहा.

पूर्वभाग :
'टायमिंग' का नको ओ? साध्या मागाचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा बॉटम शाफ्ट एक. गिअर बसवताना एक दात सरकला की धोटा फेकायची वेळ चुकते, धोटा वेळेत पेटीत शिरत नाही, माग धाडकन बंद. मग जॉबर (माग दुरुस्त करणारा) टायमिंग बांधतो. इथल्या पोरांना हे सांगायला लागत नाही.

शून्यपत्ता :
ते खरं समक्रमण, दोन्ही शाफ्ट दातांनी जखडलेले. प्रोग्रॅम धावत असताना जीडीबीला रजिस्टरं दिसतच नाहीत. थांबला की बघायचं, एवढंच.

तत्समवादी :
'समक्रमण' परिभाषेत रुळलेला शब्द आहे. पुस्तिकेत मागावरची बोली घालायची तर उद्या डीबगरला 'किडेवेचा' म्हणा.

पूर्वभाग :
वाईट नाही की! 'दोषशोधक'पेक्षा तोंडात तरी बसतो.

नवाचा ताळा :
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. ताळमेळातला ताळा हा हिशेबाचा; 'पडताळणी'त तोच. जीडीबीत 'कम्पेअर-सेक्शन्स' हा आदेश शब्दशः ताळा करतो : तुमच्या फाइलमधल्या लोड होणाऱ्या प्रत्येक विभागाचा सीआरसी (मजकुरावरून काढलेला तपासणी-आकडा) काढून चिपच्या मेमरीशी जुळवतो. प्रोग्रॅमचा नवा बिल्ड केला पण चिपवर 'लोड' करायचं राहिलं, तर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायच्या खुणा) भलत्याच ओळीवर थांबतात. तेव्हा आधी हा चालवावा, मग डोकं धरावं.

तत्समवादी :
ताळा कसला, तो ताल आहे. 'ताळ सोडणे', 'ताळ्यावर येणे' यांत हिशेब कुठे आला? शिवाय २७ आणि ७२ दोन्हींचा नवाचा ताळा (अंकांची बेरीज करून होणारी पडताळणी) जुळतो. अंकांची अदलाबदल त्याला पकडता येत नाही, सीआरसी पकडतो. उपमाच लंगडी.

पूर्वभाग :
आमच्या तेलुगूत ताळम म्हणजे तालही आणि कुलूपही. घ्या आता.

नवाचा ताळा :
'ताळेबंद'मध्ये तबला वाजतो का, तेवढं सांगा.

पुस्तिकाकार :
मंडळी, पायरी तशीच राहिली.

शून्यपत्ता :
क्रियाच लिहा : 'रीसेटनंतर रजिस्टरं पुन्हा वाचून घ्या.' ओपनओसीडी नसलेल्या जोडणीवर 'मेंटेनन्स फ्लश रजिस्टर-कॅश' द्यायचं, तिथेही हेच वाक्य चालतं. जुन्या जीडीबीत त्याच आदेशाचं नाव 'फ्लशरेग्ज'. आणखी एक ओळ वॉचडॉगसाठी (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरसाठी) ठेवा. एसटीएम३२ जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर कोअर (प्रोसेसर) थांबला तरी स्वतंत्र वॉचडॉग मोजतच राहतो आणि मधेच चिप रीसेट करतो. डीबग विभागातला त्याचा फ्रीझ बिट (कोअरबरोबर त्यालाही थांबवणारा) आधी लावावा लागतो. नाहीतर सिंक करून पुन्हा पहिले पाढे.

तत्समवादी :
वाक्य ठीक आहे. पण 'रजिस्टरं'? हजेरीपटाची रजिस्टरं वाटतात. 'नोंदक' करा.

पूर्वभाग :
नोंदक तर नोंदणी कार्यालयात बसतो.