मदत हवी आहे: अर्खम गेम ज्या कॉमिक्सवरून आलाय ती कुठून वाचायला घेऊ? (आणि ११ वर्षांच्या भाच्याला काय देऊ)

नमस्कार मंडळी. म्हापशातून लिहितोय, सकाळपासून दोनदा लाईट गेलीय म्हणून घाईत टाईप करतोय, चुका पोटात घाला.

झालं असं की मे महिन्यात भाचा राहायला आला होता तेव्हा मी त्याला माझ्या जुन्या पीसीवर बॅटमॅनचा अर्खम असायलम (वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळातला गेम) लावून दिला (ताई ओरडली ते वेगळंच). तो गेला मडगावला परत आणि नाद मला लागला. असायलम दोनदा संपवला, मग त्याचे पुढचे भाग, अर्खम सिटी एकदा, अर्खम नाईट आत्ता निम्म्यावर आहे, प्लीज त्याचा शेवट कोणी फोडू नका.

आता भाचा फोन करून मामा मामा करत प्रश्न विचारतो, ती कानात बोलणारी ऑरॅकल कोण, तो धिप्पाड व्हिलन बेन, त्याच्या अंगाला त्या नळ्या कसल्या, जोकरच्या मागे लागलेली हार्ली आधी डॉक्टर होती तर अशी कशी झाली. मला कुठे माहीत, आमच्या वेळी कॉमिक म्हणजे चाचा चौधरी. म्हटलं मूळ पुस्तकंच वाचू. शोधलं तर पहिलं तेच नाव आलं, अर्खम असायलम, १९८९ चं, ग्रँट मॉरिसनने लिहिलेलं आणि डेव्ह मॅकीनने रंगवलेलं. नाव सेम तर गोष्ट पण सेम असणार म्हणून मागवलं. खोका भिजून आला ते सोडा, पण आत मारामारी जवळजवळ नाहीच! जोकर बोलतो ते फुग्यात नाही, लाल शाईने ओरखडे काढल्यासारखं, एकेक ओळ लावायला पुस्तक ट्यूबलाईटखाली धरायला लागतं. बॅटमॅनचं काळ्या फुग्यात पांढरं, ते तरी बरं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. टू-फेस म्हणजे प्रत्येक गोष्ट नाणं उडवून ठरवणारा व्हिलन, त्याचं नाणं इस्पितळातल्या डॉक्टरांनी काढून घेतलंय, त्याच्याजागी आधी फासा दिला, मग टॅरोचे पत्ते, म्हणजे दोनच्या जागी खूप पर्याय मिळाले की सुधारेल, आणि त्या बिचाऱ्याला आता बाथरूमला जायचं की नाही हेसुद्धा ठरवता येत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बाल्कांवात जाऊन बसलो.

ते इस्पितळ काढणाऱ्या अमादेउस अर्खमची गोष्ट पण त्यात आहे, गेममध्ये त्याच्या नावाने आठवणी सापडत जातात तो. म्हणजे नातं आहे पण गोष्ट ती नाही. मग गेम नक्की कुठून आला? आणि चवथीला भाचा येणार आहे, त्याच्या हातात काय देऊ? हे लाल ओरखड्यांचं तर मी कपाटावर चढवून ठेवलंय.

फोंड्याचं_वटवाघूळ:
तिथे सगळेच फसतात रे. गेम एका कॉमिकवरून नाहीच. २००९ ला रॉकस्टेडी कंपनीने काढला तेव्हा गोष्ट लिहायला पॉल डिनी होता, १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनवाला. एका रात्रीत इस्पितळ कैद्यांच्या ताब्यात जातं हे मॉरिसनशी जुळतं, पण माणसं बरीचशी कार्टूनमधली. हार्ली तर आधी टीव्हीवरच आली, कॉमिकात नंतर. डॉक्टरची तशी कशी झाली ते मॅड लव्हमध्ये, १९९४, डिनी आणि ब्रूस टिम. सिटीतला व्हिलन मिस्टर फ्रीझ, त्याची बायको नोरा, ती पण डिनीनेच कार्टूनमध्ये आणली, त्याआधी तो नुसता बर्फाची बंदूक घेतलेला चोर होता.

बेनच्या नळ्यांतून व्हेनम नावाचं ताकद वाढवणारं औषध जातं, आणि गेममधलं टायटन त्याच व्हेनमपासून केलेलं. नाईटफॉल वाच, १९९३, त्यात तो बॅटमॅनची पाठच मोडतो. सिटी आवडली असेल तर नो मॅन्स लँड, १९९९. भूकंपानंतर सरकार बॅटमॅनच्या गोथम शहराला वाऱ्यावर सोडतं, पूल उडवतं आणि गँगवाले शहराचे भाग वाटून घेतात. जाडजूड आहे, पावसाळा पुरेल.

ऑरॅकल म्हणजे पोलीस कमिशनर गॉर्डनची मुलगी बार्बरा, आधीची बॅटगर्ल. १९८८ च्या किलिंग जोकमध्ये जोकर दारात येऊन तिला गोळी घालतो. लोक ते पुस्तक डोक्यावर घेतात, पण त्यात ती नुसती पडते. तिला ऑरॅकल म्हणून उभी केली ती जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या नवराबायकोने, सुसाईड स्क्वॉड या कॉमिकात, १९८९ ला. मला विचारशील तर मोठं काम ते. आणि भाच्याला किलिंग जोक देऊ नको, अजिबात नाही.

शेवटची_कदंबा:
नाईटसाठी अ डेथ इन द फॅमिली राहिलं ना! १९८८, बॅटमॅनचा साथीदार पोरगा, त्या दुसऱ्या रॉबिनला मारायचं की जगवायचं यावर वाचकांचं फोनवर मतदान, एका कॉलला ५० सेंट. मारा म्हणणारे ५३४३, नको म्हणणारे ५२७१. आणि मग त्याच्यानंतर २००५ ला

फोंड्याचं_वटवाघूळ:
गप रे! फोडू नका म्हणालाय ना तो.

धागाकर्ता:
फोडलंच मरे, निम्मं तरी. ७२ मतांनी पोराचा जीव गेला? एवढ्या मतांनी आमच्या पंचायतीत वॉर्ड जातो. असो, लाईट राहिली तर आज रात्री नाईट संपवतोच. भाच्याला मग मॅड लव्ह देऊ?

फोंड्याचं_वटवाघूळ:
आधी तू वाच, जोकर हात उचलतो हार्लीवर. त्याला बॅटमॅन ॲडव्हेंचर्स दे, १९९२ पासूनची, कार्टूनसारखीच चित्रं, बहुतेक अंकात गोष्ट तिथल्या तिथे संपते.

धागाकर्ता:
देव बरें करूं. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत एक चक्कर मारतो, नाहीतर मागवतो. पण ऑरॅकलचं काय सांगू त्याला? रोज विचारतो.

फोंड्याचं_वटवाघूळ:
सांग की तिला गोळी लागली, चालता येईना, मग ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि आता बॅटमॅन तिला विचारून पुढे जातो. यात खोटं काही नाही. उरलेलं दहावी झाल्यावर.