‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मधली काकू खरोखरच दुष्ट आहे का?

जुना प्रेक्षक : काल येथे कोणीतरी लिहिले की, जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा हा अॅनिमेशन चित्रपट म्हणजे युद्धाविरुद्धचे रडगाणे आहे आणि ती दुष्ट काकू वगळली तर त्यात काहीच उरत नाही. हे वाचून राहवले नाही. आपला चित्रपट युद्धविरोधी नाही, असे स्वतः ताकाहाताच सांगत असत. दुसऱ्या महायुद्धात जपानमधल्या कोबे शहरावरील बाँबवर्षावात आई गमावलेला चौदा वर्षांचा सेईता काकूचे बोल सोसत नाहीत म्हणून चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, घेऊन पाण्याकाठच्या एका ओसाड खंदकात राहायला जातो. बँकेत आईचे पैसे आहेत, ‘माफी माग आणि परत जा’ असे शेतकरी समजावतो, तरी हा मानी मुलगा जात नाही. बहिणीच्या मृत्यूचा थोडा दोष त्याच्याही पदरी घालण्याचे धैर्य दिग्दर्शकाने दाखवले आहे.

भाकरतुकडा : पोरक्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याला आपण धैर्य म्हणता? त्या बाईने मुलांच्या आईचे किमोनो देऊन तांदूळ आणला आणि पुढे यांच्याच वाट्याला पेज वाढली. वडील गेल्यावर मी सहा वर्षे चुलत्यांकडे काढली. आमटीचा डाव कोणासाठी तळापर्यंत जातो आणि कोणासाठी वरच्यावर फिरतो, हे पानावर बसलेल्या पोराला बरोबर कळते.

थोरली जाऊ : आणि डब्यात किती तांदूळ उरले आहेत, हे डाव धरणारीला कळते! माझ्या आईने दिराची तीन मुले वाढवली आणि जन्मभर ‘हाताने आखडती’ म्हणून बोलणी खाल्ली. काकूच्या घरातली माणसे कामावर जातात आणि सेईता दिवसभर लोळत असतो, हेही त्याच चित्रपटात आहे.

भाकरतुकडा : आपल्या मातोश्रींविषयी मी अवाक्षरही काढले नव्हते. मग चोराच्या मनात चांदणे का?

जुना प्रेक्षक : आपण दोघांनी घरचे हिशेब अवश्य चुकते करावेत, पण मूळ कथाकार अकियुकी नोसाका यांनी स्वतःचाच हिशेब मांडला होता. त्यांची धाकटी बहीण युद्धाच्या अखेरीस उपासमारीने गेली आणि कथेतल्या भावाइतक्या मायेने आपण तिच्याशी वागलो नाही, ही बोच त्यांना राहिली.

रेघोट्या : चित्रांविषयी कोणी बोलणार आहे का? यातल्या माणसांच्या कडा नेहमीप्रमाणे काळ्या नसून तपकिरी आहेत, त्यामुळे चेहरे भोवतालच्या उजेडात मिसळून जातात. सेत्सुको खड्ड्यात मेलेले काजवे ओंजळीने लोटते आणि ते इतक्या लवकर का मरतात, असे विचारते, तेव्हा मला काकूही आठवत नाही आणि युद्धही.

थोरली जाऊ : काकू थोडे गोड बोलली असती तर तांदूळ काही कमी झाला नसता, एवढे मान्य करते. त्यापुढे एक शितही नाही.

भाकरतुकडा : उपकार झाले. सेईताने परत जायला हवे होते, हे मीही मान्य करतो. मात्र चौदाव्या वर्षी मीसुद्धा चुलतीची माफी मागितली नव्हती. आमच्या गावात तसा खंदक नव्हता, म्हणून राहिलो.