अनुभव धागा: दुसऱ्यांची माहिती आणि आपला एआय

आपला पॅन, आपला ओटीपी आपण जपतो. पण वर्गातली मुलं, अशील, सासऱ्यांचे रिपोर्ट, भाचीचा फोटो हे सगळं हल्ली आपल्याच हातून चॅटजीपीटी-जेमिनायमध्ये जातं, आणि ज्यांचं असतं त्यांना पत्ताही नसतो. तुम्ही काय देता, काय गाळता, कुठे अडता ते लिहा. नाव नको, कामधंदा सांगितलात तरी पुरे. उपदेश शक्यतो टाळा.

प्राथमिक शिक्षिका

वर्णनात्मक नोंदी म्हणजे आमचा सत्राखेरीचा छळ. प्रत्येक मुलाची विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक... आता बरेच जण एआयकडून लिहून घेतात, मीही घेते. मुलाचं नाव, आधार द्यायचं नाही हे सगळ्यांना कळतं. खरी गोम पुढे आहे. 'आईवडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर आजीकडे राहतो, बोलताना अडखळतो' एवढं लिहिलं की आमच्या केंद्रातल्या आसपासच्या शाळांत कुणीही पोराचं नाव सांगेल. म्हणून मी एका मुलाबद्दल विचारतच नाही. 'वाचन चांगलं पण लेखनात मागे असलेल्या तिसरीतल्या मुलांसाठी नोंदी सुचव' असं मागते, त्यातल्या पटतील त्या उचलते. घरच्या परिस्थितीचं आणि अडखळण्याचं वाक्य माझं मी वहीत लिहिते. शिवाय नोंदी वेगवेगळ्या होतात. ज्यांनी सरसकट चिकटवल्या त्यांच्या वर्गातली सगळी पोरं यंदा 'उपक्रमशील' निघाली आहेत.

वधूवर सूचक मंडळ, डोंबिवली

लग्नाच्या बायोडेटाइतका उघडा कागद दुसरा नसेल. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, पगार, मामाचं आडनाव, वडिलांचा मोबाइल, घरचा पत्ता आणि वर फोटो. पूर्वी तो ओळखीच्या चार घरांत फिरायचा. आता पीडीएफ कुठल्या कुठल्या ग्रुपवर जाते आणि जो तो ती एआयला देऊन पत्रिका जुळते का विचारतो.

मध्यंतरी एका मुलाच्या आईने मला मोबाइलवर हौसेने फोटो दाखवला. त्यांचा मुलगा आणि आमच्याकडे नोंदवलेली मुलगी, दोघांच्या गळ्यात हार! कुठल्याशा ॲपमध्ये बनवलेला, जोडा कसा दिसतो ते बघायला. मुलीकडे अजून साधा निरोपही गेला नव्हता. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यामुळे रागावताही येईना. पण तो फोटो पुढे गेला असता तर त्या मुलीने कुणाकुणाची समजूत घालत बसायचं?

तेव्हापासून आमच्याकडे दोन बायोडेटा. पहिल्यात शिक्षण, कामाचं क्षेत्र, जिल्हा, वय. फोटो, फोन, जन्मवेळ काही नाही. दोन्हीकडून रस दिसला की फोटो मी समोर बसून दाखवते, पाठवत नाही. लोक चिडतात. एक काका तर मंडळ सोडून गेले. जाऊ देत.

डीटीपी, झेरॉक्स

'रिपोर्टवरचं नाव खोडून द्या, एआयला विचारायचंय' म्हणत गिऱ्हाइकं येतात. पीडीएफवर नुसता काळा पट्टा ओढला तर बऱ्याचदा खालचा मजकूर तसाच राहतो. पट्ट्यावरून माउस फिरवून कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, नाव हजर! म्हणून मी पट्टा मारल्यावर पानाची जेपीजी करून देतो. कोपऱ्यातला क्यूआर कोडही झाकतो, काही लॅबच्या कोडवरून अख्खा रिपोर्ट उघडतो. आणि एवढं करून फाइलला नाव पेशंटचंच दिलेलं असतं! खरं तर हिमोग्लोबिन, टीएसएच वगैरेंचे आकडे आणि शेजारी लॅबने छापलेली मर्यादा हाताने टाइप केली तरी भागतं. हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतो म्हणा.

आधारचं म्हणाल तर यूआयडीएआयच्या साइटवरून शेवटचे ४ अंकच दाखवणारं मास्क्ड आधार निघतं. ते मागायला क्वचितच कुणी येतं.

कौटुंबिक न्यायालयात वकिली

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. तरी वरच्या त्या हारवाल्या फोटोला हा कायदा बहुधा लागणार नाही. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे डोंबिवलीच्या ताईंचा दोन बायोडेटांचा नियम इथे जास्त कामाचा.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून चॅटजीपीटीसारखी क्लाउडवरची साधनं टाळायला सांगितलं. ते न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी आहे, पण मी माझ्या टेबलालाही लावून घेतलंय. अशिलाचं बोलणं राखणं आमच्यावर कायद्यानेच बंधनकारक आहे. पोटगीच्या अर्जाचा कोरा साचा तेवढा एआयकडून घेते. कोण, कुठलं, घरात काय घडलं हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच भरायचं. ज्युनिअर कुरकुरतात.

आयटी, हिंजवडी

चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आपल्या गप्पा प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय आहे, तो आईबाबांच्या फोनवरही लावून द्या. शेअर केलेली लिंक खासगी समजू नका. २०२५ मध्ये अशा काही चॅट गूगलवर सापडू लागल्या, मग कंपनीने शोधात दिसण्याची ती सोयच काढून टाकली.

सोसायटीची सचिव

ऑनलाइन सभेत एका सभासदाबरोबर नोट्स घेणारा बॉटही आला. सभा संपली आणि सगळ्यांना आपोआप सारांश. एका घराचा मेंटेनन्स का थकला, कुणाचं ऑपरेशन झालं, सगळं मुद्देसूद. आता बॉट दिसला की आधी त्याला बाहेर काढते. इतिवृत्त हातानेच.

शेतकरी

एवढं काय लपवायचं? आमचा सातबारा सरकारच्या महाभूलेख साइटवर कुणीही बघावा. नाव, क्षेत्र, बँकेचा बोजा, सगळं उघडं. भाऊबंदकीत कसलं आलंय गुपित! पिकावरचा रोग, फवारणी, फेरफारची नोटीस, मी बिनधास्त विचारतो.

पण बहिणीच्या हक्कसोडपत्राचं विचारायचं होतं तेव्हा मात्र हात थांबला. कागदावर नाव तिचं, सही तिची. तिला घरी बोलावलं, शेजारी बसवलं, म्हटलं तुझ्यासमोरच विचारतो. मी मसुदा मागितला. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, 'हक्कसोड नाही दिलं तर मला काय मिळेल?' एआयनेही व्यवस्थित सांगितलं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा, वगैरे.

हक्कसोड सध्या लांबलंय.