मदत हवी आहे: ऑनडॅनसेट्रॉन घातलं की अल्जिनेटचं द्रावण दुधाळ होतंय

ऑनडॅनसेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची जिभेखाली ठेवायची पातळ फिल्म करायची आहे. सोडियम अल्जिनेट (शेवाळापासूनचा पॉलिमर) ३ टक्के, ग्लिसरीन पॉलिमरच्या २० टक्के, ९ सेंमीच्या पेट्री डिशमध्ये २० मिली. नुसती फिल्म काचेसारखी निघते. ऑनडॅनसेट्रॉन हायड्रोक्लोराइड ओतताच मात्र दुधाळ होतं आणि तंतू दिसतात. २×२ सेंमीचे १२ तुकडे निघतात, प्रत्येकी ५ मिग्रॅ म्हणून ६० मिग्रॅ तोललं. परीक्षणात मात्र तुकड्यामागे साधारण पावणेचार मिग्रॅच येतात. लाळ सुटावी म्हणून सायट्रिक आम्लही घालू का?

प्रतिसाद १
आधी हिशोब. औषध अख्ख्या डिशमध्ये पसरतं, कापून टाकलेल्या कडांमध्येसुद्धा. डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौ.सेंमी, तुकडा ४ चौ.सेंमीचा. ६० ÷ ६३.६ × ४ = ३.७७. म्हणजे परीक्षण बरोबर आहे, तोलणं चुकलंय. ७९.५ मिग्रॅ घ्या. (५ मिग्रॅ डायहायड्रेट क्षार म्हणजे ४ मिग्रॅ बेस, अर्थात क्षार न झालेलं मूळ औषध, लेबलवर तेच लिहा.)

दुधाळपणाची कारणं दोन असू शकतात. अल्जिनेट ऋणभारित, औषध धनभारित, दोघं एकमेकांना धरून बसतात. किंवा अल्जिनेटच्या जवळपास उदासीन पीएचला औषधाचा बेस बाहेर पडतो. त्याच पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), अल्जिनेट न घालता, तेवढंच औषध टाकून बघा. तिथेही गढूळ झालं तर बेस. स्वच्छ राहिलं तर दोष अल्जिनेटचा. आणि पाणी डिस्टिल्डच ना? नळाच्या पाण्यातलं कॅल्शियमही अल्जिनेटच्या गुठळ्या करतं.

सायट्रिक आम्ल नकोच. औषधाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो) ७.४ च्या आसपास आहे. लाळेच्या ६.८ पीएचला साधारण २० टक्के रेणू भाररहित असतात आणि तोंडाच्या आतल्या पडद्यातून मुख्यतः तेच जातात. ४.५ ला हजारात जेमतेम एक. त्याहून खाली गेलात तर अल्जिनिक आम्लच खाली बसेल.

प्रतिसाद २
मी अल्जिनेटच्या मागे लागणार नाही. पुलुलान हा दुसरा पॉलिमर घ्या: भार नाही, पटकन विरघळतं. सुरुवात ३ टक्क्यांनीच करा. पावडर थोडी थोडी भुरभुरवा, नाहीतर माशाच्या डोळ्यासारखे गोळे होतात. बुडबुडे जायला रात्रभर झाकून ठेवा. ओव्हन ४० अंशांवर. ६० वर वरची साय आधी धरते, खालचं पाणी फुगे करून निघतं. ओव्हनची जाळी पाणसळ लावून तपासा, एक बाजू जाड झाली की औषधही तिथेच जास्त.

मात्र फिल्म मिनिटभरात विरघळली आणि लाळेबरोबर गिळली गेली, तर ते जिभेखालून शोषण नव्हे, साधी गोळीच. फरक केवढा पडतो ते असेनापिन या मानसिक आजारावरच्या औषधात दिसतं: जिभेखाली ठेवल्यास जैवउपलब्धता (रक्तात पोहोचणारा वाटा) सुमारे ३५ टक्के, गिळल्यास २ टक्क्यांहून कमी. म्हणून विरघळण्याच्या वेळेवर थांबू नका. फ्रान्झ सेलवर (पडद्यातून औषध किती जातं ते मोजायचं काचेचं उपकरण) बकऱ्याच्या तोंडातला ताजा पडदा लावून ३७ अंशांना पारगमन मोजा.

प्रश्नकर्ता
बफरमध्येही गढूळ झालं! पुलुलानमध्ये स्वच्छ आहे. पण पावसात फिल्म चिकट होतेय.

प्रतिसाद २
ग्लिसरीन १५ टक्क्यांवर आणा. सिलिका जेलवर ठेवलीत तर तडकेल. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर ठेवा, आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास राहते. नंतर लगेच अॅल्युमिनियम फॉइलमध्ये सील करा.