मदत हवी आहे : ईजीआर व्हॉल्व्ह नवा टाकला तरी इंजिन लाइट जाईना

एमएच१३_पिकअपवाला :
नमस्कार मंडळी. पिकअपचा ईजीआर व्हॉल्व्ह (इंजिनाचा थोडा धूर परत आत सोडणारी झडप) बदलला. नवाकोरा, डबाबंद. तरी लाइट परत पेटला. तुळजापूर घाटात लोड घेऊन गाडी रडत रडत चढते, मागं काळा धूर, टू-व्हीलरवाले शिव्या देत पुढं जातात. फिटर म्हणतो आता तो धूर गार करणारा ईजीआर कूलर बदलू. कूलरचा भाव ऐकून गप्प बसलोय. उद्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे भरून लातूरला निघायचंय. काय करू, लवकर सांगा.

होटगीरोड_वर्कशॉप :
कुठली गाडी, कुठलं साल, प्रदूषणाच्या नियमांत बीएस फोर का सिक्स? बिघाडाचा कोड काय आला? लाइट पेटला एवढंच लिहिलंय, स्कॅनरवर काय दिसलं ते कुठाय?

बाळे_नाका :
पट्टी मारा मालक. पत्र्याची पट्टी कापायची, बोल्टाची भोकं पाडायची, व्हॉल्व्हच्या तोंडाला पॅकिंगसारखी बसवायची. विषय संपला. माझी गाडी तशीच पळतीय, ॲव्हरेज पण वाढलं. हजारो रुपये कशाला घालवता?

मोहोळकर :
डिझेल कुठं भरता? रात्री पंपावर टँकर खाली होत असताना भरलं असेल तर टाकीच्या तळाचा गाळ येतो. आधी डिझेल फिल्टर बदला. माझ्या भाच्याच्या गाडीला हेच झालं होतं.

एमएच१३_पिकअपवाला :
अहो पिकअप म्हणजे पिकअप. मार्केट यार्डाच्या गेटवर उभं राहिलं की दहातल्या आठ दिसतात, तीच. २०१८ ची. डिझेल फिल्टर नवाय, एअर फिल्टर पण. कोड फिटरनं घालवला, मी बघितला नाही.

होटगीरोड_वर्कशॉप :
म्हणजे बीएस फोर. कोड घालवायच्या आधी लिहून घ्यायचा असतो हो. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून वायू (धूर) कमी जातोय, पी ०४०२ म्हणजे जास्त जातोय, पी ०४०३ म्हणजे व्हॉल्व्हच्या वायरिंगची भानगड. तिन्हीचे इलाज वेगळे. लाइट परत पेटलाय ना, मग कोड आत बसलेलाच असणार. कुणाकडून तरी नुसता वाचून घ्या, पुसू नका.

जुळे_सोलापूर_काका :
ईजीआर ही यंत्रणा काय आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुराचा काही भाग परत आत घेतला जातो. त्यात प्राणवायू कमी असल्याने ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. तोटा असा की धुरातली काजळी आणि इंजिन ऑइलची वाफ एकत्र येऊन मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) डांबरासारखा थर धरतो. शहरात सावकाश चालणाऱ्या गाडीत तो लवकर धरतो. भारतात बीएस फोर देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस सिक्स १ एप्रिल २०२० पासून लागू झाले.

एमएच१३_पिकअपवाला :
काका, पेपर द्यायचा नाही मला. गाडी उद्या निघंल का ते सांगा.

सातरस्ता_सर्व्हिस :
काकांनी काजळीचं लिहिलं ते सोडू नका. जुना व्हॉल्व्ह काढला तेव्हा मॅनिफोल्डकडची वाट साफ केली का? नळी आतून बुजलेली असताना पुढं नवा व्हॉल्व्ह लावून काय होणार? आणि पॅकिंग नवीन टाकलं का जुनंच परत दाबलं?

एमएच१३_पिकअपवाला :
वाट साफ केली, माझ्यासमोर. काजळी आत पडू नये म्हणून फिटरनं तोंडात कापड कोंबून खरवडली, मग स्प्रे मारला. पॅकिंग नवीन. एक स्टड तुटला, तो काढण्यातच अर्धा दिवस गेला.

बाळे_नाका :
एवढा कुटाणा करण्यापेक्षा पट्टी. कुणी ऐकतच नाही.

होटगीरोड_वर्कशॉप :
तुमची गाडी कुठल्या सालची?

बाळे_नाका :
२००९. लोखंड आहे लोखंड.

होटगीरोड_वर्कशॉप :
तिथं चालतं, कारण वायू गेला का नाही हे बघणारं तुमच्या गाडीत कुणी नाही. यांच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बघतो. पट्टी मारली की लाइट कायमचा. आणि बेकायदा ते वेगळंच. मोटार वाहन कायदा कलम १९०(२), प्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद.

बाळे_नाका :
माझं पीयूसी दरवेळी पास होतं. आता बोला.

होटगीरोड_वर्कशॉप :
होणारच. डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता बघतात, नायट्रोजन ऑक्साइड तिथं मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी कमीच होते. पास झालात म्हणून हवा शुद्ध झाली नाही.

गड्डा_यात्रा :
सीएनजी घ्या, कटकट मिटली. किंवा इलेक्ट्रिक थ्री-व्हीलर.

मोहोळकर :
थ्री-व्हीलरमध्ये टॉवेलचे गठ्ठे घालून लातूर? घाटात कोण ढकलणार, तुम्ही?

एमएच१३_पिकअपवाला :
कोड वाचून आणला. पी ०४०१. दुसरा कुठलाच नाही. म्हणजे वायू कमी. म्हणजे फिटरचं बरोबर, कूलर बुजला?

बाळे_नाका :
बघा, वायू असाही जात नाहीच. पट्टी मारल्यासारखंच झालं ना?

होटगीरोड_वर्कशॉप :
थांबा, कूलर इतक्यात घेऊ नका. दोन गोष्टी जुळत नाहीत. वायू खरंच कमी जात असेल तर काळा धूर यायचं कारण नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी.

ईसीयू धूर थेट मोजत नाही. व्हॉल्व्ह उघडला की आत धूर येतो, तेवढी ताजी हवा कमी व्हायला पाहिजे. एअर फ्लो सेन्सरवरचा आकडा उतरला नाही की ईसीयू समजतो, धूर आलाच नाही, आणि ०४०१ टाकतो. आता हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती गार करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा किंवा तिथून इंजिनाकडं येणारा होज चिरला असेल तर काय होईल? सेन्सरनं मोजलेली हवा इंजिनात पोचायच्या आधीच वाटेत बाहेर. आकडा फुगलेला दिसतो, नाव येतं व्हॉल्व्हचं. लोडवर तर इंजिनला हवाच पुरत नाही, म्हणून धूर आणि चढाला दम नाही.

घाटात शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज येतो का? कूलंट कमी होतंय का?

एमएच१३_पिकअपवाला :
कूलंट जागच्या जागी आहे. आवाज येतो, मला वाटलं टर्बोचाच असतो. फिटरनं गाडी चालू करून होज बघितले होते, काही नाही म्हणाला.

सातरस्ता_सर्व्हिस :
आयडलला प्रेशरच नसतं, काय दिसणार? इंजिन गार होऊ द्या. दोन्ही होज क्लिपजवळ आणि खालच्या बाजूनं हातानं पिळून बघा. वरून होज ठणठणीत दिसतो. चीर असली तिथं ऑइलची ओल आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा पडलेला असतो. क्लिपा ढिल्या आहेत का तेही बघा. खात्री नसेल तर होजची तोंडं बंद करून थोडी हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. जास्त प्रेशर देऊ नका, आणि तोंडासमोर उभं राहू नका.

जुळे_सोलापूर_काका :
हेच मी वर सांगत होतो.

मोहोळकर :
कुठं सांगत होतात?

एमएच१३_पिकअपवाला :
सापडलं. इंटरकूलरच्या क्लिपखाली बोटभर चीर. पिळल्यावर ओठासारखी उघडते. सगळा चिखल-तेल झालंय तिथं. होज मंगळवार पेठेत मिळंल का? दुकानं किती वाजता बंद होतात?

होटगीरोड_वर्कशॉप :
जुना होज सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून मागू नका. क्लिपा पण नव्या घ्या. टेप गुंडाळून घाट चढायला जाऊ नका, गरम झाली की टेप सुटते. बसवल्यावर कोड पुसा आणि स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघडून बघा, हवेचा आकडा उतरला पाहिजे. उतरला तर कूलरला हात लावायची गरज नाही.

एमएच१३_पिकअपवाला :
होज बसवला. स्कॅनरवाल्यानं व्हॉल्व्ह उघडला, आकडा लगेच खाली आला. लाइट गेला. पुणे नाक्यापर्यंत रिकामी फिरवली, धूर नाही. लोडवरचं उद्या घाटात कळंल. पण मग जुना व्हॉल्व्ह चांगलाच होता का काय?

सातरस्ता_सर्व्हिस :
बहुतेक. फेकू नका. कार्बन क्लीनरनं धुवा, वायरच्या कपलरमध्ये पाणी जाऊ देऊ नका, पट्टीसकट उघडतो-मिटतो का ते स्कॅनरवर बघून डब्यात घालून ठेवा.

बाळे_नाका :
पट्टीसकट? बघा, शेवटी पट्टी आलीच.

सातरस्ता_सर्व्हिस :
चकती लिहायचं होतं. व्हॉल्व्हची चकती.

शेतकरी_बार्शी :
माझ्या ट्रॅक्टरला सकाळी पांढरा धूर येतो, पण ईजीआर नाही. काय असेल?

होटगीरोड_वर्कशॉप :
वेगळा धागा काढा. आणि साल लिहा.