रशच्या फॉर्ममधून लेकीने ढोल-ताशा खोडला. तिला काय सांगू?

गुलबक्षी: आम्ही डॅलसजवळ राहतो. लेक ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल. वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिला सोरोरिटीचं (कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेचं) रश, म्हणजे सभासद निवडीच्या फेऱ्या, करायचंय. काल फॉर्म भरताना तिने 'मराठी शाळेत चार वर्षं धाकट्यांना शिकवलं' आणि 'गणपतीत ढोल-ताशा पथक' या दोन्ही ओळी खोडल्या. गळ्यातला गणपतीही काढून डबीत ठेवला. तिथे बॉइज, बूझ, बायबल, बॅलट, बक्स (मुलगे, दारू, धर्म, राजकारण, पैसा) हे विषय काढायचे नसतात, असं मोठ्या मुलींनी सांगितलंय म्हणे. पण आमचा गणपती 'बायबल'मध्ये कसा काय बसला? माझा जीव तुटला. ती दुखावली जाऊ नये एवढंच वाटतं. कुणाला अनुभव?

सदाफुली: ताई, मी यातून गेलेय. तो संकेत वाद टाळण्यासाठी आहे. तू कोण आहेस हे लपव, असा त्याचा अर्थ नाही. ढोलाबद्दल तिने नक्की सांगावं. प्रत्येक सोरोरिटीच्या घरात मिळतात मोजकी मिनिटं, आणि समोरची सभासद दिवसभरात कितीतरी मुलींशी बोलते. 'मला लोकांना मदत करायला आवडतं' हे तिने त्या दिवशी पन्नासदा ऐकलेलं असतं. मी कमरेला ढोल बांधून तीन तास वाजवल्याचं सांगितलं, तर ती मुलगी तिच्या आजीच्या शुक्रवारच्या ज्यू शब्बाथ जेवणाबद्दल बोलायला लागली. आम्ही अजून मैत्रिणी आहोत.

खरा प्रश्न सभासद करून घेतानाच्या दीक्षाविधीचा. बऱ्याच जुन्या संस्थांच्या विधींवर ख्रिस्ती छाप आहे, आणि विधी गुप्त असतो. मी शेवटच्या, प्रेफरन्स फेरीआधीच विचारलं होतं, "शपथेत धर्माचं काही आहे का? मी हिंदू आहे." उत्तर सरळ मिळालं. हे सही करण्याआधीच विचारायला हवं. प्रेफरन्सनंतरच्या करारावर सही केली आणि आलेली बिड (सभासदत्वाचं बोलावणं) नाकारली, तर त्या कॅम्पसवर पॅनहेलेनिक या महासंघाच्या दुसऱ्या सोरोरिटीत पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत जाता येत नाही.

रानजाई: सोरोरिटींची दारं बंद होती त्या काळात ज्यू मुलींनी 1909 मध्ये बर्नार्ड कॉलेजात अल्फा एप्सिलॉन फाय ही स्वतःची सोरोरिटी काढली. आपल्याकडच्या मुलींनी 1998 मध्ये ऑस्टिनला काप्पा फाय गामा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा काढल्या. त्यांचं इनटेक (नव्या मुली घेणं) वेगळं असतं, रशमध्ये त्या दिसणार नाहीत. मुद्दाम शोधायला सांगा. आणि 'तिकडे जमलं नाही तर इकडे' म्हणून नको, आधीच जाऊन भेटू दे.

गुलबक्षी: सदाफुली, तुझं उत्तर तिला वाचून दाखवलं. (तिला देवनागरी सावकाश वाचता येतं, शपथेचा भाग तिने स्वतःच वाचला.) ढोलाची ओळ परत आली. मराठी शाळेची नाही, 'बघते' म्हणाली. मी गप्प बसले. डबी अजून माझ्या कपाटात आहे. शपथेबद्दल इंग्रजीत नेमकं कसं विचारायचं, ते आता दोघी मिळून लिहितोय.